वीजबिल सारखं वाढतंय? एनर्जी ऑडिट करून घेण्याआधी कोकणातल्या घरात काय काय तपासायचं

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरांचं वायरिंग आणि पाण्याच्या पंपांची कामं करतो. "बिल दुप्पट आलंय, मीटर पळतोय, जरा बघून जा" हा फोन वर्षभर येतो. गणपतीनंतरच्या आणि मे महिन्याच्या बिलांवर तर हमखास. अलीकडे त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, की एनर्जी ऑडिट, म्हणजे घरात वीज कुठे किती जाते याची मोजणी, करून घेऊ का? ऑडिट उपयोगी आहे, पण फी देण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने बघून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक घरांत बिल वाढवणारा एसी नसतो. चोवीस तास चालू राहिलेली एखादी लहान वस्तू, पाण्याचा पंप, नाहीतर ओल्या भिंतीतून जमिनीत जाणारी वीज, या तिघांपैकी एक कोणीतरी असतं. हे तिन्ही ओळखायला फार अवजारं लागत नाहीत.

लक्षणं

आधी तुमची तक्रार नेमकी कोणती ते ठरवा.

- घर बंद, माणसं मुंबईला, तरी दरमहा पन्नास-साठच्या वर युनिट पडतात.
- एकाच महिन्यात बिल उसळलं, पुढचे-मागचे महिने ठीक.
- जून ते सप्टेंबर बिल चढतं आणि दिवाळीपर्यंत आपोआप उतरतं.
- मार्चपासून चढत जातं, मे महिन्यात सगळ्यात जास्त.
- वापर तोच, वस्तू त्याच, पण वर्षभर थोडं थोडं वाढतंय.
- नळाला, फ्रिजच्या दाराला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला हात लावला की मुंग्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर पुढच्या तपासण्या करू नका. मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा आणि थेट "इथे थांबा" हा भाग वाचा.

बाकीच्यांसाठी ढोबळ अंदाज असा: एका महिन्याची उसळी बहुधा रीडिंगची असते, पावसाळ्यातली वाढ गळतीची, मार्च ते मेची पंपाची किंवा थंडाव्याच्या वस्तूंची. संथ चढण असेल तर फ्रिज, बॅटरी किंवा पंप म्हातारा होतोय.

पहिलं काम: बिल नीट वाचा

याला पैसे लागत नाहीत. बिलावर मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि मागच्या महिन्यांचा वापर असतो. रुपये बाजूला ठेवा आणि युनिट बघा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. मे महिन्याची जानेवारीशी करून काही कळत नाही. बिल किती दिवसांचं आहे तेही पाहा. तीस दिवसांऐवजी सदतीस दिवसांचं असेल तर निम्मी शंका तिथेच फिटते.

बिलावर छापलेल्या आकड्याचा मीटरवरच्या आकड्याशी मेळ बसतो का? घराला कुलूप होतं म्हणून सरासरीवर बिल आलंय का? आपल्याकडे बंद घरं इतकी आहेत की हा प्रकार नेहमीचाच. तीन महिने सरासरी बिल येतं, मग खरं रीडिंग मिळतं आणि सगळा फरक एकाच बिलात पडतो. अशा वेळी दराच्या टप्प्यांचा फायदा तितक्या महिन्यांत विभागून मिळायला हवा. तो दिलेला नसेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या किंवा १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या.

टप्प्यांचं महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, मग ३०१ ते ५०० आणि त्याच्या वरचा वेगळा. म्हणजे वाढीव युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. वापर पाव पटीने वाढला आणि बिल पाव पटीहून पुष्कळ जास्त वाढलं, तर मीटरवर लगेच संशय घेऊ नका. आधी टप्पा बदललाय का बघा. उन्हाळ्याच्या सुमारास सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, ते वापराचं बिल समजून घाबरणारेही पुष्कळ भेटतात.

दुसरं: मीटरचा लाल दिवा मोजा

ही तपासणी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण पाच मिनिटांत ती घराचं खरं चित्र दाखवते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमचा आकडा वेगळा असेल तर त्याप्रमाणे हिशेब करा.

रात्री सगळे झोपायच्या वेळी पंखे, दिवे, टीव्ही, सगळं बंद करा. फ्रिजचा आणि इन्व्हर्टरचा प्लगसुद्धा काढा. मग मोबाइलवर घड्याळ लावून दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरवर ११२५ भागिले सेकंद केलं की वॅट मिळतात. १६०० च्या मीटरवर २२५० भागिले सेकंद. ३२०० चा मीटर अकरा सेकंदांना एकदा लुकलुकला, तर घर साधारण १०० वॅट खातंय.

१०० वॅट ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तास, तीस दिवस धरलं की ते ७२ युनिट होतात. "आमच्याकडे तर काही चालूच नसतं" म्हणणाऱ्या घरातलं वाढीव बिल बहुधा इतकंच असतं.

सगळं बंद केल्यावर दिवा पूर्ण थांबला तर निदान त्या वेळी वायरिंगमधून वीज गळत नाही. दोष वस्तूंमध्ये किंवा वापरात आहे, तेव्हा चौथ्या कामाकडे जा. ३२०० चा मीटर मिनिटाला एखाद्या वेळी लुकलुकला तर वीस वॅटच्या आत आहे. सेट-टॉप बॉक्स, राउटर, विसरलेला चार्जर, देवघरातला छोटा दिवा, कॅमेरा, इतक्यातलंच ते काहीतरी. त्याहून जलद असेल तर पुढे चला.

स्मार्ट मीटर बसला असेल तर महावितरणच्या ॲपवर वापराचा आलेख मिळतो. रात्री दोन ते चारचा वापर बघता आला तर हीच गोष्ट झोप न मोडता कळते.

तिसरं: एकेक एमसीबी पाडा

दिवा लुकलुकत असताना घरातल्या माणसाला बोर्डाजवळ उभं करा, तुम्ही मीटरजवळ थांबा. एक एमसीबी (बोर्डावरचा, भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) खाली, थोडं थांबायचं, दिवा मंदावला का पाहायचं, मग पुढची. ज्या एमसीबीने दिवा थांबतो त्या फांदीवर शोध घ्या. मागची पडवी, न्हाणीघर, गोठा, गेटवरचा दिवा, विहिरीवरची लाइन, हे आपले नेहमीचे गुन्हेगार.

सगळ्यात शेवटी मेन बंद करा. मेन बंद असूनही मीटर लुकलुकत असेल, तर दोष मीटर आणि मेनच्या मधल्या वायरीत आहे, मीटरमध्ये आहे, किंवा मधूनच कोणाची तरी जोडणी आहे. तिथे तुम्ही किंवा मी, कोणीच हात घालायचा नाही. मीटरचं सील तोडणं हा वीज कायदा २००३ प्रमाणे गुन्हा आहे, आणि खरा दोष मीटरचा असला तरी सील तुटलेलं दिसलं की तुमची बाजू संपते. महावितरणला मीटर तपासणीसाठी अर्ज करा.

वाटे झालेल्या घरांसाठी इथेच एक जास्तीची तपासणी. घर एक, चुली तीन, मीटर तीन, पण वायरिंग वडिलांच्या वेळचं. माजघराचा पंखा धाकट्याच्या मीटरवर, समाईक विहिरीचा पंप थोरल्याच्या मीटरवर, आणि ओटीवरचा दिवा कोणाच्या मीटरवर हे कोणालाच ठाऊक नाही. तुमची मेन बंद केल्यावर तुमच्या वापरातला एखादा दिवा चालूच राहिला, किंवा शेजारच्या वाट्यातला विझला, तर ते तिथे सापडलं. न्यूट्रल एकमेकांत मिसळले असतील तर मीटरला फेज आणि न्यूट्रलचे प्रवाह वेगळे दिसतात आणि पुष्कळ मीटर त्यातला जास्त असेल तो मोजतात, म्हणजे भुर्दंड बसतोच. हे भांडणाचं कारण होण्याआधी सगळ्या भावांनी मिळून एकदाच वायरमनकडून लाइनी वेगळ्या करून घ्याव्यात. खर्च वायरीचा आणि एक-दोन दिवसांच्या मजुरीचा. मी ही कामं करतो तेव्हा तिन्ही घरांतलं एकेक माणूस समोर उभं करतो आणि कोणती एमसीबी कोणाची हे बोर्डावरच लिहून ठेवतो.

चौथं: फ्रिज, इन्व्हर्टर, गीझर

फ्रिजच्या दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटून आली तर त्या जागी रबर पकड सोडून बसलंय. आपल्या दमट हवेत तिथून आत जाणारा ओलावा बर्फ होऊन साचतो आणि कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. साधा, म्हणजे इन्व्हर्टर कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज असेल तर एक तास कान देऊन बघा. तासभरात एकदाही बंद झाला नाही तर तोच चोर. १२० वॅटचा कॉम्प्रेसर अखंड चालला तर महिन्याला ८६ युनिट जातात. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, मागच्या जाळीवरची धूळ काढा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. समुद्राजवळच्या घरांत जाळीलाच गंज चढून उष्णता बाहेर पडेनाशी होते. तिथे मेकॅनिकला दाखवावं लागतं. मासे, आमरस, कोकमाचं आगळ यासाठी दुसरा फ्रिज किंवा डीप फ्रीझर ठेवला असेल तर तो कोणते महिने खरोखर भरलेला असतो याचा विचार करा. अर्धा रिकामा फ्रीझर पावसाळाभर चालू ठेवलेली घरं मी पुष्कळ पाहतो.

इन्व्हर्टर मात्र बंद घरांचा खरा शत्रू. बॅटरी म्हातारी झाली किंवा तिच्यातलं पाणी आटलं, की ती कधीच पूर्ण चार्ज होत नाही आणि चार्जर दिवसरात्र वीज ओढत राहतो. बॅटरीला हात लावून पाहा. लाइट न गेलेल्या दिवशीही ती कोमट लागत असेल तर निकाल लागला. गुहागरकडच्या एका घराचं सांगतो. माणसं गणपती, शिमगा आणि मे महिन्यात येणार, बाकी कुलूप. बिल मात्र राहत्या घरासारखं. कपाटाखाली बॅटरी होती, तिच्या टोकांवर हिरवा-पांढरा क्षार बोटभर चढलेला, पाण्याच्या खुणेची सगळी तरंगणी तळाला गेलेली. इन्व्हर्टर बंद केला आणि मीटरचा दिवा जवळपास थांबला. त्या घरी ऑडिटची काही गरज नव्हती. घर महिन्याहून जास्त बंद राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर भरा, इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा आणि शक्य असेल तर फ्रिजही रिकामा करून दार किलकिलं ठेवा.

एक सावधगिरी: मेन बंद केली तरी इन्व्हर्टर चालू असेल तर घरातल्या काही वायरींत वीज असते. बोर्डाला हात लावण्याआधी दोन्ही बंद.

गीझरबद्दल थोडक्यात: साठवणीचा जुना गीझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी न वापरताही दिवसाला साधारण एक युनिट खातो. आंघोळीआधी लावा, मग बंद करा.

पाचवं: पंप

इथे जरा सावकाश वाचा, कारण कोकणात सगळ्यात जास्त युनिट मला इथेच सापडतात आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं.

एक एचपीचा पंप तासाला ढोबळमानाने एक युनिट घेतो. टाकी भरायला रोज चाळीस मिनिटं लागत असतील तर महिन्याला वीस युनिट. तीच टाकी भरायला दोन तास लागायला लागले तर साठ. पंपाचा आवाज तोच, पाणीही येतंय, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. आज टाकी रिकामी असताना पंप लावा, ती किती मिनिटांत भरते ते मोजा आणि पंपाजवळच्या भिंतीवर खडूने तारखेसकट लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. हा आकडा वाढला की कारण शोधायचं.

पहिलं कारण फूट वॉल्व, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी बसवलेला, पाणी परत खाली जाऊ न देणारा वॉल्व. विहिरीतला पाला, बारीक खडे, शेवाळ त्यात अडकलं की तो नीट मिटत नाही. पंप बंद केल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरल्याचा आवाज येतो का ऐका. सकाळी दर वेळी पाणी ओतून पंप भरावा लागत असेल तर वॉल्व गळतोय हे नक्की. पंप कोरडाच फिरत राहिला तर वीज जाते ती जातेच, सीलही जळतं. वॉल्व साफ करणं किंवा बदलणं हे स्वस्तातलं काम.

दुसरं कारण पाण्याची पातळी. विहिरीच्या काठावरचा मोनोब्लॉक पंप व्यवहारात सात मीटरच्या आसपासच्या खोलीपर्यंतच नीट ओढतो. त्याच्या खाली पाणी गेलं की तो नुसता धापा टाकतो. मार्चपासून विहिरी उतरतात आणि बिल चढतं, त्यातला मोठा भाग हाच. विहिरीत खालच्या पायरीवर किंवा लोखंडी कोनावर पंप उतरवून घेतला की मिनिटं लगेच कमी होतात. उतरवताना पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते आठवा. जूनच्या आधी तो वर काढायचा हे आगोटीच्या कामांत धरून ठेवा.

तिसरं, पाणी कुठे जातंय? टाकीचा तरंगता वॉल्व, जमिनीखालचा पाइप, आणि संडासातली फ्लशची टाकी. फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ टाकून अर्धा तास कोणी वापरू नका. भांड्यात निळी धार दिसली तर ते पाणी दिवसभर वाहतंय आणि पंप ते पुन्हा वर चढवतोय. वॉशर बदलला की काम झालं.

चौथं, माड-पोफळीचं शिंपण. घरगुती मीटरवर वाडीचं शिंपण होत असेल तर त्या युनिटांचा दोष घराला देऊ नका. शिंपणाचे तास वहीत लिहा, मग कळेल की घर किती खातं आणि वाडी किती. शेतीची वेगळी जोडणी मिळण्यासारखी असेल तर तिचा अर्ज करणं हाच तिथला उपाय.

लाइनच्या टोकाला असलेल्या वाड्यांत संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की पंप गुरगुरतो, तापतो आणि पाणी कमी फेकतो. त्या वेळी पंप लावूच नका. पहाटे किंवा दुपारी लावा. तरीही व्होल्टेज सतत कमी असेल तर वाडीतल्या सगळ्यांनी मिळून तक्रार द्या. एकट्याच्या अर्जापेक्षा तिची दखल लवकर घेतली जाते.

सहावं: पावसातली गळती

चिऱ्याच्या भिंती पाणी पितात. कौलं सरकली, पागोळ्या भिंतीवर आल्या, की भिंतीतल्या पाइपात ओल शिरते. त्यात खारी हवा. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात घाईघाईने वायरी जोडून घरं उजळावी लागली. ते तात्पुरते सांधे काही घरांत अजून टेपच्या पट्टीवर उभे आहेत. पाऊस लागला की अशा सांध्यांतून वीज भिंतीत आणि जमिनीत उतरते. मीटर ती मोजतोच. काही मीटरवर "अर्थ" किंवा "ई/एल" लिहिलेला वेगळा दिवा असतो. तो पेटलेला दिसला तर गळती आहे किंवा न्यूट्रल मिसळलाय.

आता एक हिशेब लक्षात ठेवा. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नीट काम करत असेल, तर त्याहून जास्त गळती तो टिकू देत नाही. ३० मिलिअँपियर गळती महिनाभर अखंड राहिली तरी पाचच युनिट होतात. उलट अर्धा अँपियर गळतीचे ८० च्या वर युनिट होतात. म्हणजे गळतीने बिल डोळ्यांत भरण्याइतकं वाढलंय याचा अर्थ घरात आरसीसीबी नाही, बिघडलाय, किंवा "सारखा पडतो" म्हणून कोणीतरी बायपास केलाय. मला बिलापेक्षा याची जास्त काळजी वाटते. ज्या गळतीला तुम्ही पैसे देताय ती न्हाणीघरात ओल्या पायाने उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते. आरसीसीबीवरचं "टी" लिहिलेलं बटण आत्ता दाबून बघा. तो पडायलाच हवा. पडला नाही तर आजच बदलून घ्या, आणि दर महिन्याला बटण दाबायची सवय ठेवा.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः शोधत बसू नका: नळाला किंवा भिंतीला शॉक, बोर्डातून जळका वास, आरसीसीबी वर केला की लगेच पडणं, बोर्डात पाणी, कुठल्याही वायरीचं आवरण वितळलेलं, बोअरवेलमधल्या पंपाने पडणारा आरसीसीबी. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून परवानाधारक विद्युत ठेकेदार किंवा वायरमन बोलवा. मेगरने प्रत्येक लाइनचं इन्सुलेशन आणि अर्थिंगचा रोध मोजून कागदावर आकडे द्यायला सांगा. नुसतं टेस्टर लावून "ठीक आहे" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. यातल्या कशालाही एनर्जी ऑडिटर बोलवायचा नसतो. ऑडिटर वीज कुठे जाते ते मोजून सांगतो, दुरुस्ती ठेकेदार करतो. ही दोन कामं वेगळी आहेत.

मग ऑडिट कोणी करून घ्यावं?

महिन्याला दीडशे-दोनशे युनिटच्या घराला माझं मत स्पष्ट आहे: वरचं सगळं झालं की तुमचं ऑडिट झालं. फी देऊन त्यातून वेगळं फारसं निघत नाही.

पण घरात दोन-तीन एसी आहेत, होमस्टे चालवताय, दोन फ्रीझर आणि मोठा पंप आहे, युनिट सतत पाचशेच्या वर आहेत आणि या सहा कामांनंतरही वीज कुठे जाते ते कळत नाही, तर ऑडिट करून घ्या. छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर आधी नक्कीच करून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून लोक घाईने मापं काढतात, आणि ती जुन्या बिलांवरून निघतात. एक किलोवॅट सोलर सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो, आपल्या पावसाळ्यात त्याहून पुष्कळ कमी. बिलातले ८० युनिट गळके असतील तर त्या गळतीसाठी तुम्ही पाऊण किलोवॅटच्या आसपास जास्तीची पॅनेल विकत घेणार.

केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा पास झालेले प्रमाणित ऑडिटर असतात. प्रमाणपत्राचा क्रमांक मागा. राज्यात या क्षेत्राचं काम पाहणारी संस्था महाऊर्जा, मुख्यालय पुण्यात. तिच्या यादीतल्या संस्थांकडे चौकशी करता येते. फोनवर एकच प्रश्न विचारा: काय काय मोजणार? मेनवर लॉगर लावून निदान चोवीस तासांचा वापर नोंदवणं, क्लॅम्प मीटरने प्रत्येक लाइन आणि गळती मोजणं, एसी आणि फ्रिज वेगळे मोजणं, थर्मल कॅमेऱ्याने बोर्डातले तापलेले सांधे आणि छताची उष्णता पाहणं, ही उत्तरं आली तर माणूस कामाचा. "येऊन बघतो, फुकट आहे" असं उत्तर आलं तर तो बहुधा काहीतरी विकायला येतोय.

थंड देशांत ऑडिटर दाराला मोठा पंखा लावून घरातली हवा ओढतात आणि फटी शोधतात. आपल्या कौलारू घराला त्याचा उपयोग नाही; हवा खेळती राहावी म्हणूनच ते तसं बांधलंय. फटींचा विचार करायचा तो फक्त एसीच्या खोलीपुरता. कौलांखाली सीलिंग नसलेल्या खोलीत एसी लावला असेल तर थंड हवा बाहेर जाणारच, तिथे आधी सीलिंग. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्याची खोली रात्री अकरापर्यंत तापलेली असते. पावसासाठी घातलेली पत्र्याची शेड किंवा पांढरा रंग तिथे एसीचा भार खरोखर कमी करतो. एसी २४ ते २६ वर ठेवून पंखा लावणं, आणि समुद्राकडे तोंड केलेल्या बाहेरच्या युनिटची जाळी साध्या पाण्याने धुवून घेणं, हे तर ऑडिटशिवायही करा. जाळी हात लावताच भुरभुरत असेल तर धुवू नका, मेकॅनिकला दाखवा.

ऑडिटची वेळही जपून निवडा. गळतीचा संशय असेल तर पाऊस लागून चार-सहा दिवस झाल्यावर बोलवा. जानेवारीत सुकलेल्या भिंतीत काही सापडणार नाही. एसी-पंपाचा प्रश्न असेल तर एप्रिल-मे. मागच्या बारा महिन्यांची बिलं, पंपाच्या मिनिटांची नोंद आणि मीटरच्या दिव्याचे आकडे काढून ठेवा. हे तयार असलं की ऑडिटरचा अर्धा दिवस वाचतो आणि तो वेळ खऱ्या मोजणीला मिळतो.

रिपोर्टमध्ये प्रत्येक सुचवणीपुढे महिन्याला किती युनिट वाचतील, खर्च किती आणि तो किती महिन्यांत वसूल होईल हे लिहिलेलं असलं पाहिजे. सगळं एकदम करू नका. एक दुरुस्ती करा, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी मीटरचं रीडिंग आठवडाभराच्या अंतराने घ्या, मग पुढची. दुरुस्तीनंतरचं पूर्ण बिल मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून पाहा. फरक पडला नसेल तर तेच आकडे घेऊन ऑडिटरला परत बोलवा, आणि ही दुसरी मोजणी ठरलेल्या फीमध्येच धरली आहे असं पहिल्या दिवशीच लिहून घ्या.